मापात कापलेल्या वायरी

१

अकरा वर्षांपूर्वी आमच्या शेडमधून गाडी चोरीला गेली. मंगळवारी त्या गाडीचा एक तुकडा कुरियरनं माझ्याच दारात आला. सोबत चिठ्ठी होती : अशाच नव्या करून द्या.

मी गाड्यांच्या प्लगच्या वायरी करते. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं करंट वाटणारा डबा; त्याच्या टोपीपासून प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या त्या जाड रबरी वायरी. नव्या गाड्यांना त्या लागत नाहीत, आणि जुन्या गाड्यांचा तयार संच दुकानात मिळतो. पण इंजिनात कुणी काही हलवलं असेल, तर तयार संचातली एखादी वायर आखूड पडते आणि दुसरी लोंबून गरम नळीला चिकटते. अशी गिऱ्हाइकं दुकानदार माझ्याकडे पाठवतात. इंजिनावरून सुतळी फिरवून माप घ्यायचं, वायर कापायची, टोकं सोलायची, आतला गाभा मागे दुमडायचा आणि पितळी टोक पकडीनं दाबून बसवायचं. त्याआधी रबरी बूच वायरीत ओवून ठेवायचं. ते विसरलं की दाबलेलं टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. ही चूक धंद्यातला प्रत्येक जण एकदा करतो. मी दोनदा केली आहे, पण हे विचारायला वर्कशॉपमध्ये माझ्याशिवाय कुणी नसतं.

बाकीचे कारागीर वायरींवर एक ते चार नंबरांची कडी घालतात. मी घालत नाही. मोजून कापलेल्या वायरीला नंबर कशाला, असा माझा ताठा. बाबा म्हणायचे, पोरगी कामात हुशार आहे, पण नाकावर माशी बसू देत नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आता माशा खुशाल बसतात.

खोक्यातून पाच वायरी निघाल्या. चार प्लगच्या आणि एक कॉइलकडून टोपीत करंट आणणारी. रबर तडकलेलं, वर तेलाचा थर. पितळी टोकावर अंगठा फिरवला आणि हात थांबला. बाबांच्या पकडीच्या जबड्याचा एक टवका उडालेला होता; तिनं दाबलेल्या प्रत्येक टोकावर बारीक उंचवटा राहायचा. तो तिथं होता. मी पट्टी काढून लांबी मोजली, पण मोजायची गरज नव्हती. ती मापं मला पाठ आहेत.

वायरी मी रॉकेलमध्ये बुडवल्या आणि ब्रशनं घासल्या. चारही वायरींवर, टोपीकडच्या बुचालगत, तेलाखालून काहीतरी वर यायला लागलं. लाल दोरा होता. एका वायरीवर एक वेढा, दुसरीवर दोन, मग तीन, मग चार. हा दोरा मी बांधला नव्हता, आणि बाबांनीही नाही.

२

ती गाडी बाबांची. इंजिन उघडून नव्यानं बांधलं ते सायलेन्सरनं. सायलेन्सर म्हणजे आमचा मेकॅनिक. दिवसाला दहा शब्द बोलायचा, म्हणून बाजारानं त्याचं हे नाव ठेवलं होतं. त्यातले सात शब्द तो माझ्याशी बोलायचा. दोन महिन्यांनी आमचं लग्न व्हायचं होतं.

इंजिन बांधताना त्याच्या हातून एक चूक झाली. डिस्ट्रिब्युटर फिरवणारा दांडा पाव फेरा चुकून बसला. सगळं बंद झाल्यावर ते लक्षात आलं. बाबा म्हणाले, आता पुन्हा नको खोलूस, टोपीवर वायरी एकेक घर पुढे सरकवू. त्यामुळे पुस्तकातला वायरींचा क्रम त्या गाडीला चालेना आणि दुकानातला संच पुरेना. म्हणून मी सुतळी घेऊन वाकले आणि खास त्या एका इंजिनासाठी संच कापला. गाडी उभी केली की बाबा चोराच्या भीतीनं पाचही वायरी काढायचे आणि वर्कशॉपमधल्या खिळ्याला, शेडच्या आणि गाडीच्या किल्लीशेजारी अडकवायचे.

एका रविवारी दुपारी मी बाबांना डोळे तपासायला घेऊन गेले. डोळ्यांत औषध घातलं की नीट दिसत नाही, म्हणून आम्ही बसनं गेलो. परत आलो तर शेड रिकामी, खिळा रिकामा. कुलूप फोडलेलं नव्हतं. वर्कशॉपच्या मागच्या दाराची कडी बाहेरून पट्टी सरकवली की उघडते, हे सामाईक अंगणात वावरणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आत कुणीही शिरू शकत होतं.

शेजारची शिंपीण मशीनवर बसली होती. तिनं पोलिसांना सांगितलं की शेडचं दार वाजलं आणि लगेच, पहिल्याच सेल्फला, गाडी सुरू होऊन गेली. तिला वाटलं आम्हीच लवकर आलो. गल्लीच्या तोंडाशी जुन्या गाड्यांचा दलाल राहायचा. त्यानं बाबांकडे ती गाडी तीनदा मागितली होती. पोलिसांनी आधी त्यालाच धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढे झाले. अंगणात बाबा होते, दलाल होता, शिंपीण होती, दोन हवालदार होते, आणि दाराला टेकून सायलेन्सर उभा होता. मी बोटं मोजत सांगितलं. चोरानं वायरी पुस्तकाप्रमाणे लावल्या असत्या, तर इंजिन सुरू होण्याऐवजी ठो ठो करत राहिलं असतं आणि सगळी गल्ली बाहेर आली असती. तसं झालं नाही. म्हणजे वायरी एक घर पुढे आहेत हे चोराला ठाऊक होतं. ठाऊक असलेली माणसं तीन. त्यातले दोघे डॉक्टरकडे होते.

सायलेन्सर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला कुणी विचारलं की तू कुठं होतास, तर म्हणाला खोलीवर झोपलो होतो. साक्षीला कुणी नव्हतं. मग तो मला म्हणाला, "मी नाही." मी मान फिरवली. पोलिसांनी दोन दिवस ठेवून त्याला सोडून दिलं, कारण सिद्ध काहीच झालं नाही, पण बाजारात त्याला कुणी काम देईना. तो गाव सोडून गेला. मी लग्न केलं नाही. त्याच्यासाठी नव्हे, असं मी लोकांना सांगायचे, आणि लोक समजूतदारपणे मान हलवायचे.

आता गाडी कुठंतरी जिवंत होती. ज्याच्याकडे होती त्याच्याकडून मला चोराचा माग काढायचा होता, आणि खरं सांगायचं तर मला एवढंच ऐकायचं होतं की अकरा वर्षांपूर्वी माझी चूक झाली नाही.

३

चार वाजता शिंपीण चहा घेऊन आली. ती रोज येते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, नवरा लवकर गेलेला. मी तिला वहिनी म्हणते. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे ती आणि चुकून लागलेला फोन. धागा दिसला की तिच्या हाताला चैन पडत नाही. माझ्या बाहीचा सुटलेला टाका ती बोलता बोलता दातानं तोडते. त्या दिवशी मी वायरी तिच्यापुढे ठेवल्या आणि कुठल्या आहेत ते सांगितलं. ती म्हणाली, मेकॅनिक लोक काहीही बांधतात. चहा निवतोय, पी. वायरींना तिनं बोट लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठीवरच्या पत्त्यावर गेले. गाडीचा मालक फोटोवाला निघाला. स्टुडिओ चालत नाही म्हणून दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला. मी दिसताच त्यानं आधी मला पडद्यासमोर बसवलं. फोटो नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, पण बोलायला माणूस मिळालं यावर त्यानं समाधान मानलं.

गाडी मागच्या अंगणात होती. काळीची हिरवी झाली होती. बॉनेट उघडलं, टोपी काढली, आतला दांडा पाहिला. पाव फेरा चुकलेला. मी बॉनेटला धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले. फोटोवाला म्हणाला, तुम्हाला चक्कर येतेय का? मी म्हटलं, हो.

त्यानं गाडी तीन वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याकडून घेतली होती. कागदावर भलतंच नाव होतं. माणूस बारीक, सारखा खोकणारा, गाडी देताना स्टिअरिंगवर हात ठेवून रडलेला. दोरे तेव्हापासून होते. टॅक्सीवाल्यानं बजावलं होतं की हे दोरे सोडू नका, एका जाणकार माणसानं बांधलेत.

जाणकार माणूस. माझ्या डोक्यात एकच जाणकार होता. नव्या वायरी शनिवारी स्वतः येऊन बसवीन, तोपर्यंत गाडीला हात लावू नका, असं सांगून मी निघाले. घरी जाणारी बस समोर उभी होती. मी दुसऱ्या बसमध्ये चढले.

४

सायलेन्सर कुठं आहे हे मला कधीच विचारावं लागलं नाही. अशा गोष्टी सांगणारे लोक असतात. दोन तासांवरच्या गावात तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. नऊ वर्षांपूर्वी त्यानं लग्न केलं, हेही मला कुणीतरी मी विचारलेलं नसताना सांगितलं होतं.

तो पत्र्याच्या छपराखाली पंप उघडून बसला होता. केस पिकले होते. मला पाहून उठला, हात पुसले, एक स्टूल पुढे सरकवलं. बायकोनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. मी बसमध्ये जुळवलेलं सगळं भाषण विसरले. पिशवीतून वायरी काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

त्यानं पितळी टोकावर अंगठा फिरवला, अगदी मी फिरवला होता तसाच. मग दोरे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे बांधणारा मेकॅनिक नाही," तो म्हणाला.

कशावरून, असं मी विचारलं. त्यानं सर्वांत लांब वायर उचलली. ती चौथ्या, शेवटच्या सिलिंडरची. तिच्यावर दोन वेढे होते. मेकॅनिकनं चौथ्या सिलिंडरच्या वायरीला चार वेढे दिले असते. बांधणाऱ्यानं सिलिंडर मोजलेच नव्हते. टोपीवर ओळीनं ज्या जागा आहेत त्या मोजल्या होत्या. दुसऱ्या जागेतली म्हणून दोन. म्हणजे क्रम कशाला म्हणतात हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, क्रम माहीत नसताना वायरी बरोबर बसल्या कशा?

त्यानं वायर खाली ठेवली. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "ते तुम्हाला ठाऊकच आहे."

त्यानं मला 'तुम्ही' म्हटलं. मला ते लागलं, आणि त्याहून ते 'ठाऊकच आहे' लागलं. मी उठले. परतीच्या बसमध्ये मी दोन तास संतापत होते. माझ्या घरची चोरी मलाच ठाऊक आहे म्हणतो, म्हणजे याला म्हणायचंय तरी काय? चोराशी माझा संबंध होता? दहा शब्दांचा माणूस, आणि त्यातले चार असे.

५

गुरुवारी मी नवा संच कापला. जुनीच मापं, नवं रबर. बुचं आधी ओवली. मीटर लावून प्रत्येक वायर तपासली. संच नेहमीप्रमाणे कुरियरनं फोटोवाल्याकडे पुढे पाठवला, आणि शनिवारी येते, असा निरोपही दिला.

दरम्यान दलालाकडे जाऊन आले. तो आता नीट ऐकू येत नाही म्हणून प्रत्येक प्रश्नाला गाडीची किंमत सांगतो. एक गोष्ट मात्र त्यानं धडपणे सांगितली. मला गाडी हवी होती, पण मला वायर कुठं लावतात हे आजही कळत नाही, म्हणून तर तू मला सोडवलंस. माझे उपकार मानणारा जगात तो एकटाच उरला होता.

शनिवारी सकाळी मी चप्पल घालत होते तेव्हा फोटोवाल्याचा फोन आला. तुम्ही येऊ नका, उगाच हेलपाटा, गाडी सुरू झाली.

मी विचारलं, कुणी बसवल्या?

"मीच. वेळ होता म्हणून बसवून टाकल्या."

वायरींवर नंबर नव्हते. दोरे बांधलेला जुना संच माझ्याकडे होता. फोटोवाल्याला टोपी म्हणजे डोक्यावर घालतात तीच ठाऊक. मी दाराच्या चौकटीला धरून विचारलं की कुठली कुठं लावायची हे कसं कळलं.

तो खूश होऊन सांगायला लागला. आधी वैतागलो हो, नंबर का घातले नाहीत म्हणून. मग पाहिलं, तर एक लावली की दुसरी पुरेना. दुसरी लावली की तिसरी लोंबायची. सेल्फ मारलाच नाही, नुसत्या लावून बघत होतो. चार-पाचदा इकडची तिकडे केली, आणि मग एकदा सगळ्या अशा बसल्या की कुठं ताण नाही, कुठं झोळ नाही. म्हटलं, बाईंनी कापल्यात त्या अशाच. अर्धा तास लागला. पहिल्याच सेल्फला सुरू.

मी फोन ठेवला आणि चप्पल घातलेल्या पायांनीच खाली बसले.

तीन माणसांना ठाऊक होतं, असं मी अंगणात बोटं मोजून सांगितलं होतं. कुणालाच ठाऊक असायची गरज नव्हती. प्रत्येक वायर मी इतकी नेमकी कापली होती की ती आपल्या एकाच जागी बसत होती, दुसरीकडे बसायला तयारच नव्हती. जो कुणी धीरानं लावून बघेल त्याला वायरी स्वतःच सांगणार होत्या. माझ्या हातांना हे रोज कळत होतं आणि मला एकदाही सुचलं नव्हतं. मी सायलेन्सरवर चोरीचा आळ घेतला, आणि त्या आळाला आधार काहीच नव्हता.

मला रडू आलं. बराच वेळ आलं. घरात कुणी नसल्याचा तेवढा एक फायदा असतो.

मग डोळे पुसले आणि फोटोवाल्याचं बोलणं पुन्हा आठवलं. अर्धा तास. आणि क्रम ठाऊक असलेल्या सायलेन्सरलासुद्धा पाच वायरी बसवायला दहा मिनिटं लागायची. मग शेडचं दार वाजलं आणि "लगेच" गाडी गेली कशी?

६

त्या दिवशी चहा घेऊन मी शिंपिणीकडे गेले. तिला याचं आश्चर्य वाटलं. ती एका सदऱ्याला बटणं लावत होती. मी पलीकडे बसले आणि तिचा हात पाहत राहिले. बटण टाचून झालं की ती त्याखाली दोऱ्याचे वेढे घेते, आणि शेवटी सुई त्या वेढ्यांच्या पोटातून काढून दोरा कापते. गाठ कुठं दिसत नाही. मी जुनी वायर तिच्या मांडीवर ठेवली. लाल दोऱ्याला कुठंच गाठ नव्हती.

मी एकेक करून सांगितलं. दार वाजलं आणि लगेच गाडी गेली हे खरं असू शकत नाही, कारण मध्ये निदान अर्धा तास कुणीतरी वायरी लावून बघत होतं, आणि तो सगळा वेळ तुझी खिडकी उघडी होती. लावून बघणारा मेकॅनिक नव्हता. मेकॅनिक क्रम शोधतो. ज्यानं क्रम सोडून माप पाहिलं, त्याच्या हाताला मापाची सवय होती. दोऱ्याला गाठ नाही. आणि मंगळवारी मी हा दोरा तुझ्यापुढे ठेवला तर तू त्याला बोटही लावलं नाहीस.

सुई तिनं उशीत टोचून ठेवली.

"भावाला परगावी टॅक्सीचं काम मिळत होतं," ती म्हणाली. "गाडी असेल तरच. महिन्याभरात परत आणून ठेवतो म्हणाला."

वायरी घेऊन तो गोंधळून बसला होता. सेल्फ मारायला निघाला, तर तिनंच थांबवलं. ती म्हणाली, बाही आणि कॉलर एकत्र पडली तरी कुठली कुठं जाते ते माप सांगतं. तिनं लावून दाखवल्या, आणि पुन्हा काढायची वेळ आली तर त्याला जमावं म्हणून दोरे बांधून दिले. भाऊ परत आला नाही. तीन वर्षांपूर्वी वारला. तेव्हा ती आठवडाभर गेली होती आणि माझ्या दारात दुधाची पिशवी कोण ठेवणार, याची मला काळजी पडली होती.

मी विचारलं, सायलेन्सरचं नाव घेतलं गेलं तेव्हा तू गप्प कशी बसलीस?

"मी सांगणार होते ग. रात्रभर ठरवलं होतं, सकाळी सांगायचं. तू अंगणात आलीस ती त्याचं नाव घेऊनच आलीस. मी फक्त लगेच म्हटलं. बाकी सगळं तू म्हणालीस." तिचा आवाज फुटला. "मग मला वाटलं, लग्न मोडलं, आता हिला कोण आहे. म्हणून येत राहिले रोज."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं, कारण तिचं म्हणणं खरं होतं. मी कप उचलले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली नाही, आणि मी दाराकडे पाहत बसले होते.

७

सोमवारी पहिल्या बसनं मी पुन्हा त्या गावाला गेले.

सायलेन्सर पंपावर वाकला होता. या वेळी मी स्टुलावर बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं : बहिरा झालेला दलाल, फोटोवाला, अर्धा तास, बाही आणि कॉलर, शिंपिणीचा भाऊ. शेवटी म्हटलं, मी चुकले. वायरींची लांबी बघून कुणालाही बसवता आल्या असत्या, हे मला शनिवारी कळलं.

त्याच्या हातातला पाना थांबला.

"शनिवारी?"

"हो."

"तेव्हा माहीत नव्हतं तुला?"

"नाही."

"पण वायरी तूच कापल्या होत्यास."

मी मान हलवली. तो हळूहळू खाली बसला, पंपाच्या कडेला. त्यानंतर तो जे बोलला ते त्याच्या हिशेबानं महिन्याभराचं बोलणं होतं.

"मला वाटलं तुला माहीत आहे. तू बोटं मोजत होतीस ना, तेव्हा मी बघत होतो तुझ्याकडे. म्हटलं, ज्या बाईनं हे माप घेतलंय तिला कळत नसेल असं होणारच नाही. लांबी बघून पोरंसोरंही बसवतील, हे हिला पक्कं ठाऊक आहे. तरी चारचौघांत असं सांगतेय. म्हणजे हिला लग्न नकोय, आणि तोंडानं सांगता येत नाहीये." त्यानं पाना बाजूला ठेवला. "मग मी कशाला वाद घालू? नको असलेल्या माणसानं वाद घातला तर ते बरं दिसतं का?"

मी स्टूल ओढून घेतलं. अकरा वर्षं मी एका चोराला विसरत होते आणि तो एका खोटारड्या बाईला विसरत होता, आणि ती दोन्ही माणसं कधी नव्हतीच.

"मला लग्न हवं होतं," मी म्हटलं. हे सांगून आता काही उपयोग नव्हता, पण न सांगून एकदा काय झालं ते मी पाहिलं होतं.

दारात त्याची बायको उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. मी तिच्याकडे वळून म्हटलं की यांनी चोरी केलेली नव्हती. मी आमच्या अंगणात, बाजारात, पोलिसांत, जिथं म्हणाल तिथं येऊन हे सांगते.

"कुणाला सांगणार?" सायलेन्सर म्हणाला. "बाबा नाहीत. दलालाला ऐकू येत नाही म्हणतेस. कोण आहे तिथं?"

बायको पदरानं हात पुसत पुढे आली. तिचा चेहरा साधा, दमलेला आणि चांगला होता. "मला लोकांनी लग्नाआधीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी कधी विचारलं नाही यांना. धरूनच चालले होते की केली असेल. म्हटलं, माझ्याशी नीट वागतात ना, मग झालं."

ती हे त्याच्या बाजूनंच बोलत होती. पण त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईकडे तो नवख्या माणसासारखं पाहत होता.

"तूसुद्धा?" तो म्हणाला.

तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. सायलेन्सर उठला, पाना उचलला आणि आमच्याकडे पाठ करून पंपाचा बोल्ट आवळायला लागला. तो आधीच घट्ट होता.

बायकोनं मला जेवून जा म्हटलं. मी नको म्हटलं. तिनं पुन्हा म्हटलं नाही. बस यायला दोन तास होते, आणि ते मी थांब्यावर बसून काढले.